दुसरा ठोका

बेकवाई,
४ ऑगस्ट

प्रिय पोकुआ,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. केळींना नवे कोंब फुटलेत. तुझी काळी कोंबडी अजून माझ्याच टोपलीत अंडी घालते. टाके निघाले का?

ठीक आहे असं लिहिलं, ते खरं नाही. परवा आई न्हाणीत कोसळली. साखर पार खाली गेली होती. गोळ्या वेळेवर घेते आणि वर नुसतं पाणी पिते. शेंगदाण्याचं सूप पुढे केलं तर म्हणाली, "दोघी मिळून एकाच आहारतज्ज्ञाचं नाव सांगा. तो म्हणेल ते खाईन. तोवर ताट नको."

म्हणजे पुन्हा तेच. कुमासीच्या तुझ्या तवियाबाई म्हणतात, उखळात कुटलेला केळी-कंदाचा फुफू कायमचा बंद. इथला अदोमाको म्हणतो, चालेल, पण आईच्या एका मुठीएवढाच, आणि वर पालेभाजीचं सूप भरपूर. दोघेही शिकलेले आहारतज्ज्ञ. कोणाचं खरं, मला अजून कळलेलं नाही. त्या रविवारी मात्र मी सगळं कळल्यासारखं बोलत होते.

मी मुसळ घेऊन उभी होते. तू खाली बसून उखळातला गोळा उलटत होतीस.

"ताई, साखर झालेल्या बाईला रोज हे घालतेस. भरवून भरवून मारतेयस तिला."

"आणि तुझी बाई उपाशी मारेल. ओट्स म्हणे! घोड्याचं खाणं."

"घोड्याला तरी अक्कल असते."

आई ओसरीवरून ओरडली, "अगं, मी जिवंत आहे अजून! माझ्या मयताला तरी थोडं भांडण शिल्लक ठेवा."

तू हसलीस. म्हणालीस, "उखळात हात घातलाय, आता मुसळाला काय भ्यायचं."

मुसळ वर गेलं की हात आत, खाली येण्याआधी बाहेर. लहानपणापासून आपण हे न बघता करत आलो. त्या दिवशी मी ताल मोडला. हाड ओल्या काटकीसारखं मोडलं. पिवळा गोळा लाल झाला.

डॉक्टरांना तू सांगितलंस, माझाच हात उशिरा निघाला. चर्चमध्ये मीही तेच सांगते. बायका माझे हात धरून रडतात.

पण ठोके दोन होते, पोकुआ.

पहिला रागात पडला असेल. तुझा हात गोळ्यात रुतलेला होता, तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मी मुसळ पुन्हा उचललं. दुसरा मी बघून मारला. तुला ठाऊक आहे. आईलाही. जन्मभर ती हा आवाज ऐकत आलीय. ठोके तिला मोजावे लागत नाहीत.

मी तिला म्हटलं, तवियाबाईच बरोबर. ती म्हणाली, "पोकुआच्या तोंडून ऐकू दे." माझ्या एकटीच्या शब्दावर ती घासही घेणार नाही.

शनिवारच्या आत ये. कोणतंही नाव सांग, मी तेच म्हणेन. अदोमाको म्हणालीस तर आईची मूठ तू मोज. तुझी आता मिटत नाही, हे मी विसरणार नाही.

उखळ अंगणातच आहे. खालच्या स्टुलावर मी बसेन आणि उजवा हात आत ठेवीन. मुसळ तुझ्या डाव्या हातात. मी हात काढणार नाही.

पण आधी आईला नाव सांग.

दोन्ही ठोक्यांची धनीण,
तुझी ताई
डुफी