शपथेबाहेरची गोळी

प्रिय वीरपाल,

तुझा निरोप मिळाला. गहू पिवळा पडलाय, रविवारी सासरची जीप घेऊन मला न्यायला येतेस, आणि आपल्या बेबेनं लेकाची खाट आतापासूनच अंगणात काढून ठेवलीय. ऐकून बरं वाटलं आणि धडकीही भरली.

इथं सगळं तसंच. सकाळी वॉर्डबॉय निर्मल गोळ्या वाटतो. गिळली की म्हणतो, "सरदारजी, आ करा. जीभ वर. आता गाल दाखवा, तिथं बँक नाही उघडायची." सगळे हसतात, कारण प्रत्येकानं कधी ना कधी ती गालात दडवलेली असते. अंगदुखी गेली. चिट्ट्याची, त्या पांढऱ्या पुडीची, आठवण मात्र जेवणासारखी वेळेवर येते. आवाज कमी झालेत. आपल्या बापाला, बापूला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याचा अजून येतो. पण लांबून, शेजारच्या शेतात मोटर चालू असावी तसा.

गेल्या खेपेला इथून सुटलो तेव्हा बेबे मला थेट गुरुद्वाऱ्यात घेऊन गेली. ग्रंथसाहिबांसमोर हात जोडून मी म्हटलं, आजपासून कसलीही नशा नाही. घरी आल्यावर तिनं इथल्या गोळ्यांचं पाकीट पाटाच्या पाण्यात सोडलं. "शपथ म्हणजे शपथ. पांढरी पूड काय आणि पांढरी गोळी काय." पुढे डॉक्टर कंगबाईंनी तिला विचारलं, "बेबेजी, तुम्ही साखरेच्या आजाराची गोळी घेता, ती नशा का?" बेबे म्हणाली, "साखर वाहेगुरूनं दिली, बाई. हे यानं स्वतःच्या पायानं जाऊन आणलं." तिच्याशी कोण वाद घालणार? मीही घातला नव्हता. मला माझ्या शपथेचा अभिमान होता.

ती मी पाळलीही, हे कुणी मानत नाही. गावात सांगतात, जगसीर नशेत होता म्हणून चारा तोडायचा गंडासा घेऊन आईच्या दारात गेला. नव्हतो, वीरपाल. त्या दुपारी अंगात पूड नव्हती, गोळीही नव्हती. फक्त बापू होता, आणि तो सांगत होता की आत बेबे नाही, तिचं सोंग घेऊन दुसरंच कुणी बसलंय. तू मध्ये हात घातलास. फोनवर म्हणतेस, बोटं हलतात आता. खोटं बोलताना तू फार भरभर बोलतेस.

शेजारच्या खाटेवर सुखमंदर होता, ट्रकवाला. त्यालाही दोन्ही होतं, पूड आणि आवाज. त्यानं भावाचे पाय धरले, "वीरजी, मी बरा आहे, पोरीची शपथ." भाऊ रडला आणि सही करून त्याला घरी घेऊन गेला. परवा तो भाऊ एकटाच आला, राहिलेले कपडे न्यायला. त्या दिवशी निर्मलनं कुणाची थट्टा केली नाही.

म्हणून डोकं ताळ्यावर आहे तोवर हे लिहून कंगबाईंच्या हाती देतोय. तू माझ्यापर्यंत पोचण्याआधी त्या तुला देतील. आत येशील तेव्हा मी दाढी विंचरून, हसत समोर येईन. म्हणेन, चल. पाय धरेन, बेबेची आण घालेन, तुझ्या हाताकडे बघून रडेन, शेवटी शिव्याही देईन. तो मीच असेन, तरी ऐकू नकोस. सही करू नकोस. गहू कापायला माणसं मिळतील. बेबेला सांग, शपथ मोडल्याचं पाप एकट्या माझ्या माथी. आणि निघताना थांबू नकोस. मी फाटकापर्यंत तुझ्या नावानं ओरडत येईन.

तुझाच भाऊ,
जगसीर