देशासाठी दोन चौरस मीटर

२ डिसेंबर
निवृत्तीनंतरचं जीवितकार्य ठरलं. सगळा देश उन्हावर चालवायचा तर किती जागा सोलर पॅनलनी झाकावी लागेल, हे मी काढणार. पुस्तकी आकड्यांवर माझा विश्वास नाही. दोन चौरस मीटरचं एक पॅनल आणलं, मीटर जोडला. खोक्यावर बारीक अक्षरात बरंच काही छापलंय. वाचलं नाही. कंपन्या थापा मारतात.

३ डिसेंबर, सकाळी ९
शेजारच्या इमारतीमुळे गच्चीवर ऊन येतं ते एकाच कोपऱ्यात, आणि तिथे आईची खुर्ची. डॉक्टरांनी तिला हाडांसाठी ऊन सांगितलंय. जरा सरक म्हटलं. लगेच सरकली. खोक्याचा पुठ्ठा तेवढा पायाखाली मागितला, फरशी गार लागते म्हणून. देऊन टाकला. मन मोठं लागतं.

७ डिसेंबर
रीडिंग रोज ०.४ युनिट. आई रोज विचारते, आज किती आलं रे. घरात विज्ञानाची आवड तिला एकटीलाच. बायकोने विचारलं, रात्री काय करणार? प्रश्न खोडसाळ आहे.

१० डिसेंबर
देशाला रोज चारशे कोटी युनिट लागतात. म्हणजे हजार कोटी पॅनल. म्हणजे वीस हजार चौरस किलोमीटर! अख्खे दोन-तीन जिल्हे रिकामे करावे लागतील. लोक कुरकुरतील. पण माणसं हलतात, हलवणारा खंबीर हवा.

१४ डिसेंबर
इंजिनिअर मंडळात भाषण. पुढच्या रांगेतला एक टकलू उठून म्हणाला, आकडा चौपट आलाय, तुमच्या पॅनलसमोर कोणी बसतं का? सगळे हसले. मी बाणेदारपणे निघून आलो. चहासुद्धा घेतला नाही. बिस्किटं घेतली.

१५ डिसेंबर, सकाळी १०
बसतं. आईची सावली बरोबर पॅनलवर! एक कोपरा झाकला तरी सगळं पॅनल मंदावतं. चारचौघांत माझी शोभा झाली ती सख्ख्या आईमुळे. तिला खुर्ची-पुठ्ठ्यासकट मागच्या खोलीत हलवलं. बायको म्हणाली, तिथे भिंतींना ओल आहे. म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. आई म्हणाली, असू दे गं, त्याचं काम होऊ दे.

२२ डिसेंबर
आठवडाभर ढग. निसर्गालाही माझं यश बघवत नाही. आईला खोकला. बायको म्हणते, त्यांना गच्चीवर आणा. म्हटलं, ऊनच नाही तर आणून काय उपयोग? हिला तर्क म्हणून नाही.

२९ डिसेंबर
लख्ख ऊन! नेमकं आजच आईला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. न्यूमोनिया. मीटर चालू ठेवून गेलो.

२ जानेवारी
आई पहाटे गेली. रीडिंग घ्यायचं राहिलं.

१४ जानेवारी
मागची खोली आवरली. खुर्चीपुढचा पुठ्ठा टाकायला उचलला. तिच्या टाचांनी दोन खळगे पडलेत. त्यांच्या मधोमध छापलंय : रोजचं सरासरी उत्पादन १.६ युनिट.
गच्चीवर जाऊन मीटर बघितला. १.६. म्हणजे पाच हजार चौरस किलोमीटर. टकलू बरोबर होता. मोजायची गरजच नव्हती. तिला उठवायचीही नव्हती. फार वाईट वाटतंय.
बायकोला आकडा सांगायला गेलो. तिने दार लावून घेतलं.
कोपऱ्यात ऊन आहे. आज किती आलं, कोणी विचारलं नाही.