दोन टोळ्यांच्या मधली चूल

आई,

तू गेलीस तेव्हा मी नुकतीच पाथर्डीच्या शाळेत शिकवायला लागले होते, आणि आता माझेच केस पिकलेत. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू भाकरी थापता थापता नुसतं ‘मंग?’ म्हणत राहिली असतीस. तर ऐक. तुझी नात डॉक्टर व्हायला परदेशी गेली होती. तिचं शिक्षण चालू असतानाच शेजारच्या देशाची फौज त्या देशात घुसली आणि तिच्या शहरावर तोफगोळे पडायला लागले. वसतिगृहाच्या तळघरात पोरी अंथरुणं टाकून राहिल्या. फोन लागला की मला काही सुचायचं नाही, मी आपली विचारायची, ‘जेवलीस का?’ आणि ती तिकडून हसायची. त्या हसण्यानं माझा जीव आणखीच घाबरा व्हायचा.

इकडे आपल्या तिसगावात पोरं पेटली. बाजारतळावर सभा ठरली, टेम्पोवर भोंगा लावून गावोगाव पुकारा झाला. मागणी एकच: आपल्या देशानं फौज पाठवावी, तोफा द्याव्यात, त्या घुसखोराला धडा शिकवावा. पोरं वाईट नव्हती गं. माझ्याच वर्गात शिकलेली, माझ्या लेकीसाठी कळवळलेली. घरी येऊन म्हणाली, “मॅडम, पयलं भाषण तुमचंच. तुमची पोरगी तिथं हाय, तुमी बोलल्या तर दिल्लीपोतर आवाज जाईन.” मी हो म्हणाले. आणि मनापासून म्हणाले. जो माझ्या लेकीच्या डोक्यावर गोळे टाकतोय त्याच्या घराची राख व्हावी, असं मला त्या दिवसांत उठता-बसता वाटत होतं. सभेला निघताना साडी नेसले, आरशात बघून पदर सारखा केला आणि का कोण जाणे, तू आठवलीस. राहुरीकडच्या त्या ऊसतोडीच्या फडातली तू.

पडीक रानाच्या एका अंगाला आपल्या टोळीच्या पाचटाच्या कोप्या, दुसऱ्या अंगाला तुझ्या माहेरच्या टोळीच्या. उसाच्या शेंड्यांवरून, वाढ्यावरून, जुंपली होती. आपल्यातल्या कुणीतरी त्यांचं बांधून ठेवलेलं वाढं उचलून विकलं, का त्यांनी आपलं विकलं, हे मला आजही माहीत नाही. दगड चालले. मग बोलणं बंद झालं, आणि दोन्हीकडची माणसं ऊसतोड उरकून आली की दगडावर कोयते घासत बसायची. तो आवाज वाईट होता. काका तुला म्हणाला, “वैनी, आता सांग, तू भावाची का आमची?” पलीकडून मामाचाही निरोप आला, आक्का सासरच्यांची झाली म्हणून. दादा, तुझा नवरा असून, खाली मान घालून बसलेत. आणि तू उठतेस, कोपीपुढच्या चुलीचे दगड एकेक करून उचलतेस आणि त्या पडीक रानाच्या बरोबर मध्ये नेऊन मांडतेस. पाचट पेटवतेस. परात घेऊन तिथंच उघड्यावर भाकरी थापायला बसतेस. काका ओरडला, “आगं, डोकं फिरलं का तुजं?” तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, “मी कुनाचीच न्हाई. ज्याला मारामारी करायची त्यानं हितनं जावं, माज्या चुलीवरनं. भुकेलेला आसंल तर बसावं.” मी कोपीच्या दारात उभी होते. दोन्ही अंगाला धार लावलेले कोयते आणि मध्ये तू एकटी, नाकावर पीठ लागलेलं. एवढी छाती तू आणलीस कुठून?

लोकांनी तुला नावं ठेवली. आपल्या बायका तुझ्याशी धड बोलेनात, तिकडच्याही बोलेनात. तू मात्र रोज तिथंच चूल पेटवलीस. आणि मग काकाला फडात पान लागलं, साप डसला. आपला ट्रॅक्टर मोळ्या घेऊन कारखान्यावर गेलेला, तिथं रांगेत अडकलेला. पलीकडचा उभा होता, पण मागायला जायचं कुणी? ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांचे पाय उचलेनात. तू त्यांच्याकडं पळालीस. तू त्यांना एक शब्द वाकडा बोलली नव्हतीस, म्हणून तुला जाता आलं. मामानं काही विचारलं नाही, भरलेली ट्रॉली तिथंच सोडवली आणि काकाला दवाखान्यात न्यायला नुसता ट्रॅक्टर काढला. काका वाचला. भांडण काही मिटलं नाही. त्या हंगामात दोन्ही टोळ्या एकमेकांशी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. पण कोयता उसावरच चालला, माणसावर नाही. बरा होऊन आल्यावर काका गुमान तुझ्या चुलीपाशी येऊन जेवायला बसला, आणि तूही त्याला काही ऐकवलं नाहीस. मी असते तर चांगलं फैलावर घेतलं असतं.

तर सभेत माईक हातात आला आणि मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणाले, आपल्या देशानं ह्या लढाईत कुणाच्याच बाजूनं बंदूक उचलू नये. आज दोन्ही राजधान्यांत आपला फोन उचलला जातोय. आपण एकाच्या बाजूनं उतरलो की दुसऱ्याच्या लेखी आपली पोरं शत्रूची पोरं होतील. मागायचंच असेल तर लढाई थांबवा म्हणून मागा, दोघांकडेही मागा, घसा बसेपर्यंत मागा. मग माझाच एक विद्यार्थी उठला, “मॅडम, पोरगी तिकडं मरनाच्या दारात हाय आन् तुमी शांतता सांगता? आईचं काळीज हाय का दगड?” मला रडू आलं आणि मी रडले, माईकसमोरच. रडत रडत तेच पुन्हा सांगितलं. अर्धी सभा उठून गेली. पुढचे कितीतरी दिवस मी बाजारातून चालले की बोलणी थांबायची. भेकड बाई, असं माझं नाव पडलं.

आणि मग ते झालं, ज्याच्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आपल्या सरकारनं दोन्हीकडं बोलणी करून थोडा वेळ वाट मोकळी करून घेतली. तुझी नात ज्या बसमध्ये होती तिच्या काचेवर तिरंगा चिकटवलेला होता. ती सांगते, आधी एका फौजेची चौकी लागली, मग पडक्या घरांचा सुनसान रस्ता, मग दुसऱ्या फौजेची चौकी. दोन्हीकडच्या सैनिकांनी झेंडा बघितला, आत डोकावून पोरींचे चेहरे बघितले आणि बंदुका खाली केल्या. आई, सकाळपर्यंत एकमेकांना मारणाऱ्या माणसांनी आपल्या पोरींसाठी बाजूला होऊन रस्ता दिला! मी देवळात जाणारी बाई नाही, पण हे ऐकून हात आपोआप जोडले गेले. ती घरी आली तेव्हा तीच पोरं पेढे घेऊन दारात आली. सभेत मला ‘दगड’ म्हणणारा विद्यार्थी सगळ्यांच्या मागे उभा होता, मी त्यालाच पहिला पेढा दिला.

तुला वाटेल झालं, संपलं. तुझ्या नातीच्या खोलीत तिथलीच एक मुलगी राहायची. हिला बसपर्यंत पोचवायला ती गोळीबारातून आली, हिची बॅग तिनंच उचलली. तिला बसमध्ये घेता येत नव्हतं, बस आपल्या पोरींसाठी होती. बस हलली तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत होती. तुझ्या नातीनं मला विचारलं, “आई, तू सभेत बोललीस ते खरंच होतं, त्यामुळेच मी आले. पण तिला मी काय सांगू? तुमच्या भांडणात आम्ही नाही, असं सांगू?” मी म्हणाले, बघू. उद्या पुन्हा सभा झाली तर मी तेच बोलेन, ह्यात मला शंका नाही. लढाईही अजून थांबलेली नाही. अधूनमधून त्या पोरीचा फोन येतो. मोबाईल माझ्याजवळ असला तर मी तो लेकीच्या हातात देते आणि काहीतरी काम काढून परसात जाते. त्या पोरीला मी अजून एकदाही विचारलेलं नाही, जेवलीस का म्हणून.