झकास, मॅडम!

विनिपेग, शनिवार

डेल,

गराज आवरताना तुझी जुनी सायकल सापडली, म्हणून लिहितेय. हे पत्र पाठवणार मात्र नाहीये.

आठवतं, आपली मारेन चार वर्षांची होती? कौतुक केलं काय, न केलं काय, तिला सारखंच. थेरपिस्ट ओडेट म्हणाली होती, कौतुक करा आणि लगेच तिच्या आवडीचं काहीतरी द्या. हळूहळू कौतुकच आवडायला लागेल. मी "शाब्बास" म्हणून खारं बिस्किट द्यायचे. तू टोमणा मारायचास, "पोरगी आहे ती, सर्कशीतलं अस्वल नाही!" आणि स्वतः मात्र, तिनं हातात पाना दिला की "झकास, मॅडम!" म्हणत उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक गरगर फिरवायचास. ते बघताना ती हरखून जायची.

मग तू घर सोडलंस. माझ्या "शाब्बास"वर ती बिस्किटासाठी नुसता हात पुढे करायची. एकदा तिनं बर्फातले बूट आपले आपण चढवले आणि माझ्या तोंडून तुझेच शब्द निघून गेले. चाक नव्हतं, बिस्किटही नव्हतं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. रागापायी पंधरा वर्षं नाही सांगितलं.

आज त्या सायकलची साखळी मी बसवली. हात काळेकुट्ट झाले. मारेननं चाक फिरवलं आणि म्हणाली, "झकास, मॅडम!"

मी तिच्याकडे बघून हसले. चाकाकडे पाहिलंच नाही रे.

मारेनची आई,
लोर्ना