बत्तीस इंचांचा ओटा

मिरजगाव, ६ मार्च १९९६

नव्या स्वयंपाकघराचा नकाशा माझा. ओटा बत्तीस इंच, डिप्लोमाच्या पुस्तकाप्रमाणे. आज गवंड्याने विटा रचून उंची दाखवली. आई त्यावर काठवट ठेवून भाकरी थापायला उभी राहिली, तर तिचे खांदे कानाला लागले.

"लई चांगलं हाय की. पाटावर उभी ऱ्हाईन मी."

पाटावर? शेगडीपाशी, रोज वीस भाकऱ्या? बत्तीस इंच लिहिताना मी खिडकीसुद्धा मोजली होती. आईला का नाही?

टेप काढून तिच्या कोपराची उंची घेतली. "मी काय भिंत हाय व्हय गं?" ती लाजली. कोपर चौतीसवर. काठवटीला आणि थापायला सहा इंच सोडून ओटा अठ्ठावीस केला.

गवंडी म्हणाला, "ताई, तुमाला वाकावं लागंल."

चहापुरती वाकेन.