कडूबाईच्या चेहऱ्याचे अकरा दाखले

१४ मार्च १९८०, उमरगा

छापला! दिल्लीच्या त्वचारोगाच्या मासिकात, पान एकशेबारा. माझा चौथा लेख. पहिले तीन कुणी वाचले असतील तर त्यांनी ते गुप्त ठेवलं आहे. हा तसा जाणार नाही. एक्केचाळीस रुग्ण, काळवंडलेली जाड कातडी, आणि सगळ्यांच्या दुखण्याचं मूळ एकच — गाजर गवत. प्रत्येकाच्या पाठीवर पानांचा अर्क लावला. दोन दिवसांनी तिथं लाल चट्टा.

सुचलं कडूबाईमुळं. लोहाऱ्याकडची. दुष्काळी कामावर पाटीखाली ओल्या गाजर गवताची चुंबळ करायची — फडकं कुठून आणायचं? कपाळापासून मानेपर्यंत कातडं उललं. गावानं ठरवून टाकलं, महारोग. नवरा लिंबाजीनं तिला रानातल्या खोपीत ठेवलं. दूध सोसायटीनं त्या घरचं दूध बंद केलं. लेख आला, आता तिला घरी आणणार.

२० मार्च

मासिक घेऊन कडूबाईच्या गावी गेलो. सोसायटीचे चेअरमन महालिंगप्पा यांनी पानं उलटीसुलटी करून पाहिली.

"डाक्टरसाहेब, हे तुमीच लिवलं न्हवं? मग वकीलबी तुमीच अन् साक्षीदारबी तुमीच."

तासभर बोललो. चळवळीत हजारांच्या सभा गाजवणारा मी, दुधाच्या चार कॅनपुढं हरलो.

खोपीत कडूबाईनंच समजूत घातली. "चुंबळ टाकली, खाज तर थांबली. बाकीचं जाऊ द्या." का जाऊ द्यायचं?

२ जून

ऑस्ट्रेलियातून कार्ड. "आपल्या लेखाची प्रत पाठवावी." तिथंही हे गवत माजलंय म्हणे.

१९ ऑगस्ट

सात कार्डं झाली. पोस्टमन बिभीषण सायकलवरून न उतरताच — "साहेब, परदेशात सोयरीक जमवलीय का काय?"

११ नोव्हेंबर १९८२, सोलापूर

कॉलेजच्या ग्रंथालयात जाडजूड सूची आली आहे. जगात कुणी आपल्या लेखात कुणाच्या लेखाचा आधार घेतला, ते तीत सापडतं. बारीक अक्षर. बोट फिरवत गेलो. माझं नाव. त्याखाली अकरा लेख.

अकरा! परत मोजले. अकराच.

शहरातले एक प्राध्यापक मला म्हणाले होते, "खेड्यातल्या दवाखान्यात संशोधन होत नसतं, बाबा." त्यांचंही नाव काढून पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं. दोन.

अकराही दाखले हातानं उतरवून घेतले, मासिकं काढून त्या लेखांचा गोषवाराही. ग्रंथपाल दिवा मालवायला लागले तेव्हा उठलो.

२६ नोव्हेंबर

जिंकलो.

सोसायटीच्या ओट्यावर उभा राहून अकरा नावं वाचली — कोणता देश, कोणता दवाखाना, तिथल्या डॉक्टरांनी काय पाहिलं. मग विचारलं, "ज्या गवतानं तिकडच्या गोऱ्यांची कातडी उलते, त्यानं कडूबाईची उलली तर तो महारोग कसा?"

महालिंगप्पा उठले. "आस्ट्रेलियावाले म्हणत्यात तर असंल बाबा. तुमी म्हणत व्हता तवा आमाला वाटायचं, भाषण करताय."

सगळे हसले. मीही हसलो. लिंबाजीच्या घरचं दूध त्यांनी स्वतः मापात घेतलं आणि सगळ्यांदेखत घोटभर प्याले. लिंबाजीनं तिथूनच गाडी जुंपली, बायकोला आणायला. गावच्या शाळेपर्यंत लोक मला सोडायला आले. या दवाखान्यातल्या पाच वर्षांत इतकं शांत वाटलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर, शनिवार

कडूबाई गाडीत बसली नाही. सकाळच्या यष्टीनं एकटीच दवाखान्यात आली. पाणीही घेतलं नाही.

"डाक्टर, मला महारोग न्हाय म्हणून तुमी अकरा जणांची साक्ष काढली. असता, तर म्या खोपीतच ऱ्हायाचं व्हतं का?"

महारोगाचे रुग्ण माझ्याकडे शनिवारीच येतात. मागच्या दारानं. ते दार भिंत फोडून मीच बसवून घेतलं आहे — वेशीबाहेरच्या वस्तीत जन्मलेल्या मी.