साडूचं खोकं आणि माझ्या नॅप्या

३ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. कारण एकच: साडू.

परवा मेव्हणी आणि साडू चिंगीला बघायला आले होते. चहा घेताना मी सहज म्हटलं, आता डायपर बंद, आमची मुलगी कापडी नॅप्यांत वाढणार. साडूने बिस्किट चहात बुडवलं, ते मोडायच्या आत तोंडात टाकलं, सावकाश गिळलं आणि मग म्हणाला, "कापडी? तुझ्याने? आठ दिवसांत बोंबलशील."

मेव्हणी हसली. ही पण हसली. स्वतःची बायको. चिंगी झोपली होती, नाहीतर माझी बाजू घेऊन रडली असती.

शिवाय निघताना एक खोकं ठेवून गेला. डायपरचं, हे एवढं थोरलं, बाहेर गुटगुटीत बाळाचं चित्र. म्हणे, असू दे, उपयोगी पडेल. म्हणजे मी हरणार हे धरून, हरल्यावर लागणारं सामानही स्वतःच आणलं. याला म्हणतात जखमेवर मीठ चोळणं. खोकं न उघडता माळ्यावर फेकलं. फेकताना पाठीत उसण भरली. तीही साडूच्या खात्यात.

ही सोळा तारखेला कामावर रुजू होणार. मी घरून काम करायची परवानगी काढलीय. पण हिची अट आहे: पंधरापर्यंत चिंगीचं सगळं एकट्याने जमवून दाखव, नाहीतर ती दिवसभर ताईकडे राहील. ताईकडे म्हणजे साडूकडे. त्याने लवकर निवृत्ती घेतलीय, दिवसभर घरीच असतो. माझी मुलगी त्या माणसाच्या मांडीवर खेळणार आणि त्याच्यासारखी हसायला शिकणार. मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

पंधराला दोघं जेवायला येणार आहेत. त्या दिवशी त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे.

४ मार्च

नॅप्या घेतल्या. दुकानवाल्या बाईने चार प्रकार मांडले. म्हणाली, पहिलंच बाळ ना, मग एकेक प्रकारची एकेकच घेऊन जा. बाळाच्या मांडीला कुठली बसते ते बघा, मग बाकीच्या घ्या. असल्या सावध लोकांचं आयुष्यात काही होत नाही. मी विचारलं, सगळ्यात महाग कुठली? खिशाची निघाली. बाहेरून न भिजणारं कापड, आत खिसा, खिशात जाड पॅड. सरळ दोन डझन उचलल्या.

ती पुढे सांगत बसली की वापरायच्या आधी पाच-सहा वेळा धुवा, कोरं कापड पाणी पीत नाही, आणि धुताना ते कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड अजिबात घालू नका. मी तिला माझं कंपनीचं कार्ड दिलं. गच्च्या, टाक्या, बाथरूम: पंधरा वर्षं मी लोकांच्या गळत्या बंद करतोय. वॉटरप्रूफिंग हा माझा धंदा आहे. मला गळतीबद्दल हिने सांगावं.

५ मार्च

शुभारंभ. नॅपी झकास बसली. गळली.

दुसरी. गळली.

गादीला भिंतीच्या बाजूने किंचित उतार आहे, हे आज लक्षात आलं. उताराला नॅपी काय करणार. पलंगाच्या पायाखाली लाकडाचा तुकडा घातला. तिसरी दोन्ही बाजूंनी गळली.

७ मार्च, शनिवार

नॅप्या वाळल्यावर कडक होतात. कडक नॅपी साडूच्या हातात द्यायची म्हणजे अब्रू गेलीच. म्हणून लिक्विड आणलं, फुलांच्या वासाचं. बाटलीवर एक झाकण लिहिलंय, मी चार घातली. काटकसर शत्रूसमोर करायची नसते.

काय मऊ झाल्यात! वास पार जिन्यापर्यंत. शेजारीण विचारत होती, लग्न आहे का कुणाचं.

८ मार्च

आता जास्तच गळतात. शेवटी धंद्यातली पद्धत वापरली. पॅड ओट्यावर पसरलं, वर वाटीभर पाणी ओतलं आणि घड्याळ लावून बसलो. पाण्याचे टपोरे थेंब झाले, पॅडवरून घरंगळत खाली आले आणि माझ्या पायावर पडले. पॅड कोरडं ठणठणीत.

खरं सांगायचं तर तोंडातून 'वा' निघून गेलं. असं काम गच्चीवर जमलं तर दहा वर्षांची गॅरंटी देईन.

निष्कर्ष: दुकानवालीने फसवलं. साडूचं झाल्यावर तिचा नंबर. तोपर्यंत लिक्विडचं प्रमाण वाढवतोय, बहुतेक अजून पुरतं मुरलं नसावं.

१० मार्च

चिंगीच्या मांड्या लाल झाल्यात. ही काही बोलली नाही. हिचं न बोलणं बोलण्यापेक्षा महागात पडतं. कुठूनसं एक पांढरं जुनेर काढलं, विरलेलं, चौकोनी. त्याची सहापदरी त्रिकोणी घडी घालून चिंगीला बांधलं, वर काहीच नाही. मी विचारलं, हे पोतेरं कुठून आणलं? म्हणाली, घरातच होतं. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. ही स्वतः साध्या साबणाने धुते आणि गॅलरीत वाळत घालते. रोज एकदोन दिसतात. हसू येतं.

दुपारी चिंगीने माझं बोट धरलं आणि तासभर सोडलं नाही. ऑफिसचे फोन एका हाताने घेतले. ती साडूकडे गेली तर मला घरात करमायचं नाही. हे इथेच लिहितोय, कुणाला बोलणार नाही.

१२ मार्च, गुरुवार

रात्रभर विचार केला. माझ्या नॅप्या उत्तम आहेत, पण पंधरापर्यंत त्या हे सिद्ध करतील असं दिसत नाही. तेव्हा आता थेट वार.

साडू रविवारी पांढरट पँट घालतो. इस्त्रीची धार अशी की भाजी चिरावी. बेत असा: चिंगीला पोटभर दूध पाजायचं, माझी नॅपी न घालता हिचं ते विरलेलं जुनेर बांधायचं, आणि प्रेमाने साडूच्या मांडीवर ठेवायचं. बाकीचं चिंगी बघेल. बापाची लेक आहे.

पँट भिजली की मी शांतपणे विचारणार, "काय हो, बोंबलणार कोण होतं?" ही रागावलीच तर सांगणार की गळलं ते तुझं जुनेर, माझी नॅपी नव्हे. एका दगडात दोन पक्षी. असं डोकं मी ऑफिसात चालवलं असतं तर आज मॅनेजर असतो.

१५ मार्च, रविवार, सकाळी

चिंगी दूध प्यायली. थोडं जास्तच पाजलं. जुनेर मी स्वतः बांधलं, हिच्यासारखीच घडी घालून. लेकीला समजावलं की आज घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. तिने जांभई दिली. शांत डोकं, माझ्यावर गेलीय.

गाडी आली. पँट पांढरीच.

१५ मार्च, संध्याकाळी

जे झालं ते लिहितो.

आल्याआल्या चिंगीला साडूच्या मांडीवर दिली. समोरची खुर्ची पकडली आणि पँटवर नजर ठेवली. चहा झाला. काही नाही. जेवायला बसलो, साडू एका हाताने जेवला, दुसऱ्या हाताने तिला धरून. काही नाही. मी मध्येच चमच्याने तिला पाणी पाजायला गेलो, ही म्हणाली, वेडा झालास का. साडूने विचारलं, काय रे, सारखा पँटकडे काय बघतोस? म्हटलं, इस्त्री छान आहे.

जेवण झालं तशी चिंगी चुळबुळ करायला लागली. साडूने सवयीने बुडाखाली हात घातला, चाचपलं. आतले पदर चिंब, पण बाहेरचा कोरडा, पँटवर थेंब नाही. त्या पोतेऱ्याने सगळं पिऊन टाकलं होतं. साडू सगळ्यांसमोर म्हणाला, मानलं तुला.

पंधरा दिवस हेच ऐकायला तडफडत होतो. आता ऐकलं तर घशाखाली उतरेना.

मग म्हणाला, "मला वाटलं होतं तू रागाने खोकं माळ्यावर टाकशील. उघडलंस, बरं केलंस."

मी हिच्याकडे बघितलं. ही ताटं उचलायला लागली. खोकं तिने केव्हाच माळ्यावरून काढलं होतं. आत डायपर नव्हतेच. साडूने दुकानातून रिकामं खोकं मागून आणलं होतं, आणि आत घातले होते त्याच्या थोरल्याचे लंगोट, म्हणजे हिची ती पोतेरी. तो थोरला आता कॉलेजात आहे. एवढी वर्षं जपून ठेवले होते, धुऊन, घड्या घालून.

साडू म्हणाला, "सगळे मीच धुवायचो. पहिले आठ दिवस मीही बोंबललो होतो."

 मग मी माझं काम दाखवायला गेलो. चिंगीला पुसली, माझी सगळ्यात सुगंधी नॅपी चढवली आणि मांडीवर घेतली. माझी पँट पहिल्या मिनिटातच गेली. नवी होती.

साडू हसला नाही. खिशातून रुमाल काढून दिला. मग एक धुतलेली नॅपी उचलून नाकाशी धरली आणि विचारलं, यात काय घालतोस? म्हटलं, काही नाही, साबण. त्याने पुन्हा वास घेतला आणि नॅपी घडी करून ठेवून दिली. हसला असता तर बरं झालं असतं.

चिंगी घरीच राहणार. तिला बापाची सवय झालीय, तोडू नका, असं म्हणे साडूनेच हिला सांगितलं. फक्त पहिले आठ दिवस सकाळी तो येणार, मला धुणं शिकवायला. मी हो म्हटलं.

१६ मार्च, सोमवार

ही कामावर गेली. थोड्या वेळाने बेल वाजली. साडू, जुनी पँट घालून.

दोन डझन नॅप्या गरम पाण्यात टाकल्या. फेस संपता संपेना. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. तो सारखा म्हणत होता, पीळ, अजून पीळ. शेवटी त्याने एका पॅडवर वाटीभर पाणी ओतलं. सगळं आत गेलं. चिंगी पाळण्यातून बघत होती.

सूड पुढे ढकललाय. उद्या सातलाच येतो म्हणाला. बिस्किटं संपलीत, आणून ठेवायची.